उच्चगती समकालीकरण

(छायाचित्रण). उद्भासनकाल (प्रकाश आत येऊ देण्याचा काळ) अत्यल्प असतानाही क्षणदीपाचा म्हणजे फ्लॅशचा प्रकाश संपूर्ण चित्रचौकटीवर सारखा पाडण्याची पद्धती. प्रखर उन्हात व्यक्ती स्पष्ट व पार्श्वभूमी धूसर ठेवण्यासाठी ती उपयोगी पडते.

पार्श्वभूमी धूसर होण्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे लागते. निरभ्र उन्हात आयएसओ १०० संवेदनक्षमतेला एफ/१६ छिद्र व सु. १/१०० सेकंद काल पुरतो. छिद्र एफ/२.८ केल्यास ३२ पट प्रकाश आत येतो. म्हणून काल सु. १/३२०० सेकंद घ्यावा लागतो. शिरवळ (जि. सातारा) येथे नीरा नदीकाठी भर दुपारी डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रीचे चित्र घेताना हीच अडचण येते. चेहऱ्यावर पदराची सावली असते. चेहऱ्याच्या बेताने उद्भासन दिल्यास नदीपात्र पांढरेफटक पडते, पात्राच्या बेताने दिल्यास चेहरा काळवंडतो. ही सावली क्षणदीपाने उजळता येते.

पडदा-झडपेत दोन पडदे एकामागून एक सरकतात. साधारणतः १/२०० ते १/२५० सेकंदापर्यंत संपूर्ण चौकट एकाच वेळी उघडी असते. त्याहून अल्प काळात पहिला पडदा पलीकडे पोहोचण्यापूर्वीच दुसरा सुटतो व चौकटीवरून केवळ एक फट सरकत जाते. क्षणदीप एकदाच चमकल्यास चित्राचा काही भाग अंधारा राहतो. उच्चगती पद्धतीत फट सरकेपर्यंत दीप सेकंदाला हजारो वेळा, जवळजवळ अखंड, स्पंदत राहतो. ऑलिंपस कंपनीने १९८६ च्या सुमारास एफ२८० या क्षणदीपात ही सोय आणली. त्यापूर्वी सावकाश जळणारे खास दीपगोल वापरीत.

या पद्धतीत पुष्कळसा प्रकाश मिटलेल्या पडद्यांवर वाया जातो. काल निम्मा केला की चित्रावर येणारा क्षणदीपाचा प्रकाशही निम्मा होतो. त्यामुळे दीप व्यक्तीच्या जवळ ठेवावा लागतो. दुसरा उपाय एनडी फिल्टरचा. प्रकाश १६ पट कमी करणारी ही करडी काच लावल्यास काल १/२०० सेकंद ठेवता येतो व दीपाची शक्ती तुलनेने कमी खर्च होते; मात्र वाऱ्याने हलणारा पदर अस्पष्ट उमटू शकतो. म्हणून विषय हलता असल्यास उच्चगती समकालीकरण व स्थिर असून दीप दूर असल्यास फिल्टर श्रेयस्कर ठरतो.