सूर्याची वीज आणि विहिरीचे पाणी

वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या कातळात कोरले गेले, त्याच जातीच्या कातळात या परिसरातील विहिरी खोदलेल्या आहेत. हा खडक कठीण आहे. त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरुमातून जेवढे पाणी पाझरते, तेवढेच विहिरीत साठते. हे पाणी उपसण्यासाठी प्रथम बैलांची मोट होती. पुढे तेलाचे इंजिन आले, नंतर विजेचा पंप आला. आता सौर पंपाची पाळी आली आहे.

आपल्या देशाने या दिशेने मोठी मजल मारली आहे. जून २०२५ मध्ये एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांखेरीज अन्य साधनांची झाली. सूर्य, वारा, जलप्रवाह व जैविक पदार्थ यांच्या जोडीला अणुशक्तीही यात धरलेली आहे. मात्र निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे. सूर्य मावळला की सौर पट्टांची वीज थांबते. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अद्याप सर्वांत मोठा आहे.

येथेच शेतीचे महत्त्व दिसून येते. घरातील दिवा रात्री लागतो, पण पिकाला पाणी दिवसा दिले तरी चालते. किंबहुना तेच सोयीचे. आळीपाळीने मिळणाऱ्या विजेमुळे शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बारे धरावे लागतात. अंधारात सर्पदंशाचे भय असते, आणि वाफा भरून पाणी वाहून गेले तरी कळत नाही.

दिवसा वीज मिळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, गावाच्या कृषी वाहिनीलाच सौर प्रकल्पाची वीज पुरविणे. यासाठी राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. या टप्प्यातील पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्यांपैकी एक याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे आहे. दुसरा मार्ग स्वतःच्या सौर पंपाचा. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठरविण्यात आला. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे ७.५ अश्वशक्तीचा पंप असे प्रमाण ठेवण्यात आले.

परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. सूर्याची शक्ती रोज नवी होते. विहिरीचे पाणी मात्र मुख्यतः पावसाळ्यातच भरून येते. उपशाला खर्च नाही म्हणून दिवसभर पंप चालू ठेवला, तर विहीर उन्हाळ्यापूर्वीच तळ गाठील, व शेजाऱ्याच्या विहिरीलाही त्याची झळ पोहोचेल. सबब पुढील दक्षता घ्यावी :

१. पंपाची अश्वशक्ती ठरविताना जमिनीबरोबर विहिरीचा पाझरही पाहावा.

२. आले, कपाशी यांसारख्या पिकांना ठिबकने पाणी द्यावे.

३. विहिरीच्या पाण्याची पातळी आठवड्यातून एकदा, पंप सुरू करण्यापूर्वी सकाळी मोजून वहीत नोंदवावी.

४. पट्टांची तोंडे दक्षिणेस असावीत व त्यांवर झाडाची सावली पडू देऊ नये. धूळ सकाळी, पट्ट थंड असताना, स्वच्छ पाण्याने व मऊ फडक्याने पुसावी.

ग्राम कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्यापुरतेच आपले काम मानू नये. ज्याच्या शेतात सौर पंप बसला, त्याच्या बांधावर जाऊन पातळीची वही पाहावी. सलग दोन-तीन नोंदींत पाणी झपाट्याने उतरलेले दिसले, तर उन्हाळी पिकाचे क्षेत्र कमी करण्याचा सल्ला पेरणीपूर्वीच द्यावा. पीक उभे राहिल्यावर त्या सल्ल्याचा उपयोग होत नाही.