बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या

बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या म्हणजे पश्चिम विदर्भातील या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून स्थापन झालेले निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे स्थानिक उपासक-समाज होत. त्यांत क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, चर्च ऑफ द नाझरीन आणि रोमन कॅथोलिक हे पंथ प्रमुख आहेत. जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. तरीही एकाच धर्माचे इतके पंथ येथे का आढळतात, हे समजण्यासाठी आद्य ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाकडे पाहावे लागते.

आद्य मंडळी

मराठी बायबलात ज्याला ‘मंडळी’ म्हटले आहे, त्यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’ असा आहे. त्याचा अर्थ इमारत नसून बोलावून एकत्र आणलेली सभा असा होतो. येशूच्या मृत्यूनंतर, सुमारे इ. स. 30 मध्ये, यरुशलेम येथे अशी पहिली मंडळी उदयास आली. तिचे सभासद यहुदी होते, मंदिरात जात होते आणि स्वतःला वेगळ्या धर्माचे मानत नव्हते. पेत्र व येशूचा भाऊ याकोब हे त्यांचे पुढारी होते. सीरियातील अंत्युखिया या नगरात या अनुयायांना प्रथम ‘ख्रिस्ती’ हे नाव पडले, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे.

या मंडळीपुढील पहिला मोठा वाद सिद्धान्ताचा नव्हता, पंक्तीचा होता. यहुदी नसलेल्या माणसाला ख्रिस्ती होण्यासाठी आधी सुंता करून यहुदी व्हावे लागेल काय, आणि त्याच्यासोबत एका ताटाला बसावे काय, असा तो प्रश्न होता. सुमारे इ. स. 49 मध्ये यरुशलेम येथे भरलेल्या परिषदेत सुंतेची सक्ती करू नये, असा निर्णय झाला. पौलाने या मताचा जोरदार पुरस्कार केला होता. या निर्णयामुळे एका समाजापुरता असलेला पंथ सर्वांसाठी खुला झाला.

पंथभेदांचा उगम

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या काळात, इ. स. 313 मध्ये, ख्रिस्ती धर्माला कायदेशीर मान्यता मिळाली. इ. स. 325 च्या नायसिया परिषदेने ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी समान श्रद्धासूत्र ठरविले. पुढील मतभेद मात्र मिटले नाहीत. इ. स. 431 ची एफिसस व इ. स. 451 ची कॅल्सिडोन या परिषदांनंतर पूर्वेकडील काही मंडळ्या अलग झाल्या. इ. स. 1054 मध्ये रोम व कॉन्स्टंटिनोपल यांच्यात फूट पडून कॅथोलिक व ऑर्थोडॉक्स अशा दोन शाखा झाल्या. इ. स. 1517 मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेतून प्रोटेस्टंट पंथ निर्माण झाले. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली याच्या प्रबोधनातून मेथडिस्ट पंथ आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याच परंपरेतून ‘पावित्र्य चळवळ’ उदयास आली. बुलढाण्याच्या इतिहासाशी या शेवटच्या टप्प्याचा निकटचा संबंध आहे.

वऱ्हाडात आगमन

मराठी मुलखात ख्रिस्ती धर्म वसईच्या परिसरात पोर्तुगीज राजवटीत सोळाव्या शतकातच पोहोचला होता. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 मध्ये सुरू झाले. वऱ्हाड मात्र निजामाच्या ताब्यातून 1853 मध्ये ब्रिटिश प्रशासनाखाली आले आणि त्यानंतरच्या दशकात मलकापूर-शेगावमार्गे रेल्वे धावू लागली. त्यामुळे या भागातील मिशन-कार्य उशिरा सुरू झाले आणि त्याचा मार्ग बराचसा रेल्वेच्या रुळांना अनुसरून गेला.

ए. बी. सिम्प्सन या मूळच्या कॅनडातील प्रेस्बिटेरियन पाळकाने 1887 मध्ये अमेरिकेत दोन संस्था स्थापन केल्या. त्यांच्या 1897 मधील एकत्रीकरणातून अलायन्स निर्माण झाली. तिचे वऱ्हाडातील प्रमुख केंद्र अकोला हे होते. बुलढाणा जिल्ह्यात खामगाव व मलकापूर येथे तिची ठाणी होती. येशू हा तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा आहे, हे चतुर्विध सूत्र हा तिच्या शिकवणीचा गाभा होय.

चर्च ऑफ द नाझरीनचा इतिहास याहून वेगळा आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील पावित्र्य चळवळीच्या मंडळ्यांच्या एका संघाने पाठविलेले मिशनरी 1898 मध्ये भारतात आले. आरंभी इगतपुरी परिसरात राहून पुढे त्यांनी बुलढाण्यात ठाणे उभारले. कॅनडातील लेटन ट्रेसी हे 1904 मध्ये येथे दाखल झाले. हा संघ 1907 मध्ये फिनिअस ब्रिझी यांच्या लॉस एंजेलिस येथील नाझरीन मंडळीशी जोडला गेला. 1908 मध्ये टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे दक्षिणेकडील मंडळ्याही त्यात विलीन झाल्या आणि हा पंथ अधिकृतपणे स्थापन झाला. म्हणजेच बुलढाण्याचे काम त्या पंथाच्या औपचारिक स्थापनेपेक्षा जुने आहे. पंथाच्या नावात आरंभी असलेला ‘पेंटेकोस्टल’ हा शब्द 1919 मध्ये वगळण्यात आला. पुढे चिखली व मेहकर येथेही या पंथाचे काम वाढले. शेजारच्या वाशीम येथे त्याचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय 1938 मध्ये सुरू झाले.

रोमन कॅथोलिक समाजाच्या दृष्टीने हा जिल्हा 1955 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो.

दुष्काळ आणि धर्मांतर

1896–97 व 1899–1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. निराधार मुलांसाठी मिशनांनी अनाथालये काढली. अलायन्सचे मुलींचे अनाथालय खामगावी व मुलांचे अकोल्यास होते. या मुलांपैकी काही पुढे स्थानिक मंडळ्यांचे सभासद झाले. म्हणून ही धर्मांतरे श्रद्धेने झाली की भाकरीसाठी, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. भुकेल्या मुलाला निवडीचे स्वातंत्र्य कितपत होते, हा आक्षेप रास्त आहे; त्याचबरोबर मोठेपणी ज्यांनी तो धर्म जाणीवपूर्वक जपला, त्यांची श्रद्धा केवळ दुष्काळाच्या नोंदीत बसविणे अन्यायाचे ठरते.

धर्मांतरितांमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोकही होते. संविधानाच्या 1950 च्या अनुसूचित जाती आदेशानुसार या सवलती आरंभी हिंदूंपुरत्या होत्या. 1956 मध्ये शीख व 1990 मध्ये बौद्ध यांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा मिळालेला नाही. परिणामी जातीचा उल्लेख कायद्याच्या कागदावरून पुसला गेला, तरी समाजव्यवहारातून तो तसा पुसला जातोच असे नाही.

पंथांतील फरक

कॅथोलिक परंपरेत सात संस्कार, बिशपांची परंपरा आणि पोपचा अधिकार मान्य आहे. अलायन्समध्ये श्रद्धा कबूल केलेल्या व्यक्तीलाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. नाझरीन पंथात बालकांचा बाप्तिस्माही चालतो आणि स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा आरंभापासून मान्य आहे. बायबल, येशूवरील श्रद्धा, बाप्तिस्मा व प्रभुभोजन ही मात्र सर्वांची समान भूमी आहे.

ऐक्याचे प्रयत्न

येथील गावकऱ्यांनी पंथ निवडला, असे सहसा घडले नाही. ज्या गावी जे मिशन पोहोचले, त्याचा पंथ त्या गावाचा झाला. दूरदेशीच्या वादांतून निर्माण झालेल्या या सीमारेषा ओलांडण्याचे प्रयत्नही झाले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अलायन्स व नाझरीन तीत सामील झाल्या नाहीत. त्याआधी, 1917 मध्ये, कवी नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला होता. त्यांची भजने आज मराठी ख्रिस्ती उपासनेत पंथभेदापलीकडे गायिली जातात. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, हा यरुशलेमच्या पहिल्या मंडळीपुढील प्रश्न होता. संघटना अलग राहिल्या तरी, निदान भजनाच्या वेळी, तो मागे पडलेला दिसतो.