रुग्णसेवेमागचे हात : आपल्या रुग्णालयाच्या वेतनरचनेविषयी

सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या हाती हा अहवाल देताना हिशेबपत्रकातील एका रकमेविषयी आम्ही यंदा सविस्तर निवेदन करू इच्छितो. खर्चाच्या बाजूस सर्वांत मोठी रक्कम ‘वेतन व भत्ते’ या सदराखाली दिसते. “आम्ही देणगी रुग्णांसाठी देतो, मग ती पगारात का जाते?” असे काही हितचिंतकांनी आपुलकीने विचारले. प्रश्न रास्त आहे. डायलिसिसचे यंत्र देणगीतून येते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लागते. परंतु ते चालविणारा तंत्रज्ञ, रात्रपाळीत रक्तदाब पाहणारी परिचारिका आणि वॉर्ड स्वच्छ ठेवणाऱ्या मावशी नसतील, तर त्या यंत्राचा रुग्णास काहीच उपयोग नाही.

याची जाणीव आम्हांस अनुभवाने झाली. मागे अतिदक्षता विभागातील काही अनुभवी परिचारिका थोड्याच अवधीत नोकरी सोडून गेल्या. राजीनामा देताना त्यांपैकी एकीने सांगितले, “इथे माणसे चांगली आहेत, पण घराचा हप्ता चांगुलपणावर फिटत नाही.” नवीन परिचारिका तयार होईपर्यंत त्या विभागातील काही खाटा आम्हांस रिकाम्या ठेवाव्या लागल्या. त्या खाटांसाठी आलेल्या रुग्णांना अन्यत्र पाठविताना आम्हांस जे वाटले, त्यातूनच वेतनरचनेचा फेरविचार सुरू झाला.

कायद्याने घातलेला पाया

संस्था धर्मादाय असली तरी किमान वेतनाच्या बंधनातून तिची सुटका नाही, आणि नसावीही. त्याखेरीज भविष्य निर्वाह निधीत कर्मचाऱ्याचे १२ टक्के व संस्थेचे १२ टक्के भरावे लागतात. मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी राज्य कामगार विमा योजनेत संस्था ३.२५ टक्के व कर्मचारी ०.७५ टक्के भरतो. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या कुटुंबांस या कपातींचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आजारपणात आणि निवृत्तीनंतर तोच आधार असतो.

ग्रॅच्युइटीची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, आणि महिना २६ दिवसांचा धरावयाचा, असा तिचा हिशेब आहे. समजा, एखाद्याचे अखेरचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आहे. मग एका वर्षाचे १५,००० रुपये, आणि २० वर्षांच्या सेवेचे ३ लाख रुपये होतात. हे पैसे आज द्यावयाचे नसतात, म्हणून ते विसरणे सोपे असते. जी संस्था दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढीत नाही, तिच्यावर बरेच कर्मचारी एकदम निवृत्त झाले की मोठा भार येतो. म्हणून ही तरतूद खर्चात दरवर्षी दाखविली जाते.

बोनसच्या बाबतीत नफा न कमावणाऱ्या रुग्णालयांस कायद्याने वगळले आहे. तथापि दिवाळी सर्वांच्याच घरी येते. म्हणून आम्ही ऐपतीप्रमाणे सानुग्रह रक्कम देतो. ती कायद्याची सक्ती नसून कृतज्ञतेची खूण आहे. प्रसूतीच्या रजेविषयी मात्र पर्याय नाही. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ज्या रुग्णालयात स्त्री कर्मचाऱ्यांची संख्या मोठी, तेथे या काळासाठी बदली परिचारिकेचा खर्चही आधीच धरावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यांतील व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास, वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ वेतन लहान ठेवून भत्ते फुगविण्याची पळवाट यामुळे बरीच बंद झाली. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हे हिताचेच आहे.

परिचारिकांचे वेतन

कायद्याने तळ ठरतो. त्यावर किती, हे संस्थेने ठरवावयाचे असते. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने सुचविलेले प्रमाण असे : २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकांइतके असावे, १०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांसाठी ही तफावत २५ टक्क्यांपर्यंत असावी, आणि त्याहून लहान रुग्णालयातही मासिक २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. या शिफारशी आम्ही मोजपट्टी म्हणून समोर ठेवल्या आहेत. उल्हासनगरात कॅम्प क्र. ३ मध्ये शासनाचे मध्यवर्ती रुग्णालय आहे, आणि लोकलने कल्याण, ठाणे व मुंबईची रुग्णालये सहज गाठता येतात. परिचारिकेस पर्याय आहेत. तेव्हा केवळ सेवाभावाच्या भरवशावर तिला थांबविणे अन्यायाचे ठरेल.

डॉक्टरांचे मानधन

आपल्या शहरात जीन्स शिवणाऱ्या कारागिरास नगावर मजुरी देण्याची रीत आहे, आणि त्या धंद्यात ती चालते. शस्त्रक्रियागृहात मात्र तोच नियम लावला, तर गरज नसलेली तपासणी आणि टाळता येणारी शस्त्रक्रिया यांस आपोआप उत्तेजन मिळते. रुग्ण पाठविण्याबद्दल कमिशन देण्याघेण्यास वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. आम्ही त्यापुढे जाऊन पूर्णवेळ डॉक्टरांचे वेतन तपासण्यांच्या संख्येशी जोडलेले नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी : पगार कसा ठरतो, यावर उपचार कसा होतो हे बरेचसे अवलंबून असते.

नागपूरचा जुना धडा

वेतनाबरोबरच्या सोयी ही काही आजची कल्पना नव्हे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. दंड आकारण्याऐवजी त्यांनी निवृत्तीचा निधी, अपघातात भरपाई आणि चांगल्या कामास बक्षिसे अशा सोयी सुरू केल्या. निवृत्तीचा निधी १८८६ साली, म्हणजे त्याविषयी कोणताही कायदा होण्याच्या कितीतरी आधी आला. उद्याची काळजी मिटली की माणूस आजच्या कामात टिकतो, हे त्यांनी जाणले होते.

देणगी आणि पगार यांचे नाते

उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात, तसेच बिलांच्या रकमेतील २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. या निधीस पगारासाठी हात लावता येत नाही. पगारवाढ एकदा दिली की ती दरवर्षी द्यावी लागते; देणगी मात्र एखाद्या वर्षी येते, एखाद्या वर्षी येत नाही. म्हणून आम्ही स्वतःस एक नियम घालून घेतला आहे : एकदाच आलेल्या देणगीतून कायमची पगारवाढ करावयाची नाही. वाढ नियमित उत्पन्नातून आणि कायम निधीच्या व्याजातूनच होईल. सफाई व आया यांच्या कामासाठी ठेकेदार नेमला असला, तरी त्यांचा भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरला की नाही, हे पाहूनच ठेकेदाराचे बिल अदा केले जाते.

ही रचना परिपूर्ण आहे, असा आमचा दावा नाही. शिफारशींच्या मोजपट्टीपर्यंत सर्व परिचारिकांचे वेतन पोहोचविणे, हे काम पुढे आहे. तेव्हा यंत्रासाठी देणगी देणाऱ्या दात्यांनी कायम निधीचाही विचार करावा, ही नम्र विनंती. त्यावर नावाची पाटी दिसणार नाही. पण रात्री दोन वाजता बेल वाजविल्यावर आपल्या माणसाजवळ येणारी सिस्टर अनुभवी असेल.