विश्लेषण : दुधाची पिशवी कुजत का नाही? उत्तर दडलंय इथीनच्या दुहेरी बंधात

सकाळी दारात येणारी दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. पॉलिथिन बनते इथीन या वायूपासून. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनचे प्रमाण जवळपास सारखेच. तरीही इथीन चटकन अभिक्रिया करतो आणि पिशवी कचराभूमीत वर्षानुवर्षे पडून राहते. असे का?

साखळी कशी तयार होते?

इथीनच्या रेणूत दोन कार्बन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यातला एक बंध तुलनेने कमकुवत असतो. पेरॉक्साइडसारखा पदार्थ तापवला की तो फुटून एकटा इलेक्ट्रॉन असलेले तुकडे सुटतात. असा तुकडा इथीनच्या एका कार्बनला चिकटतो, कमकुवत बंध उघडतो आणि दुसऱ्या कार्बनवर एकटा इलेक्ट्रॉन उरतो. आता तो पुढच्या इथीनला पकडतो. ही अंताक्षरीच म्हणायची: प्रत्येक वेळी शेवटचे अक्षर पुढच्याला बोलावते. दोन वाढत्या साखळ्यांची टोके एकमेकांना भेटली, की खेळ संपतो. तोवर हजारो रेणू जोडले गेलेले असतात.

यात पाणी किंवा दुसरा कोणताही रेणू बाहेर पडत नाही, म्हणून हे ‘समावेशन’ बहुवारिक. नायलॉनचे तसे नसते.

परीक्षेत गुण कुठे जातात?

पॉलिइथीन या नावात ‘ईन’ आहे, म्हणून अनेक विद्यार्थी साखळीतही दुहेरी बंध काढतात. तो जोडणीतच खर्च झालेला असतो; उरतात ते एकेरी बंध. इथीन ब्रोमीनचा तांबूस रंग घालवतो, पॉलिइथीन घालवत नाही. जीवाणूंनाही या लांबलचक, निष्क्रिय साखळीत सहज तोडता येईल अशी जागा सापडत नाही.

शोध कसा लागला?

अपघाताने. १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली इथीनची बेंझाल्डिहाइडशी अभिक्रिया घडवू पाहत होते. ती झाली नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. साखळी सुरू करून दिली होती ती ऑक्सिजनच्या अंशाने, हे नंतर उमगले. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरक वापरून कमी दाबातही साखळ्या घडवल्या. त्या फारशा फांद्या नसलेल्या, म्हणून दाटीने बसणाऱ्या. मऊ पिशवी आणि टणक बादली यांतला फरक मुख्यतः या फांद्यांचा.

पिशवीपासून पुन्हा इथीन मिळेल?

पिशवी वितळवून दुसरी वस्तू करता येते, कारण साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. साखळी उलट उसवणे मात्र अवघड. अ‍ॅक्रिलिक तापवले तर त्याचे एकवारिक बऱ्याच प्रमाणात परत मिळते. पॉलिइथीन वाटेल तिथे तुटते आणि हाती येते ते तेल, मेण व वायूंचे मिश्रण.