भिंत पडली, खटले उभे राहिले

बर्लिन : फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनाला लागून काचेची एक बैठी इमारत आहे. बर्लिनकर तिला ‘ट्रेनेनपालास्ट’ म्हणतात, म्हणजे अश्रूंचा महाल. बर्लिनच्या भिंतीच्या काळात पश्चिमेकडून आलेले पाहुणे परत निघाले, की पूर्वेचे नातलग त्यांना इथपर्यंत पोचवायला यायचे. पुढे जायची परवानगी नसल्यामुळे रडारड इथेच उरकायची. आता तिथे संग्रहालय आहे, तेही फुकट. पासपोर्ट तपासणीची एक जुनी खोली जपून ठेवली आहे. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी अरुंद वाट, समोर काचेआड पोलिसाची खुर्ची आणि वर तिरका आरसा. तुमच्या पाठीमागे काय आहे, तेही त्याला बसल्या जागी दिसावं म्हणून.

२९ मार्च १९७४ रोजी याच सीमाचौकीवर चेस्वाव कुकुच्का या ३८ वर्षांच्या पोलिश माणसाला गोळी घातली गेली. त्या दिवशी तो पूर्व बर्लिनमधल्या पोलंडच्या वकिलातीत गेला, बॅगेत बॉम्ब आहे असं सांगितलं आणि पश्चिमेला जाऊ द्या म्हणाला. बॉम्ब खोटा होता. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे ‘श्टासी’ने, त्याचं म्हणणं मान्य केल्याचं नाटक केलं. कागदपत्रं दिली, स्टेशनावर आणून सोडलं. शेवटची तपासणी ओलांडून तो सुटलो असं समजून चालू लागला, तेव्हा मागून जवळूनच गोळी आली. सहलीहून परतणाऱ्या पश्चिम जर्मनीतल्या काही शाळकरी मुलींनी हे पाहिलं. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याला पदक मिळालं.

त्या अधिकाऱ्याला बर्लिनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा सुनावली, ती १४ ऑक्टोबर २०२४ रोजी. तोवर तो ऐंशीचा झाला होता आणि घटनेला पन्नास वर्षं उलटून गेली होती. एवढा उशीर होऊनही खटला टिकला तो कायद्यातल्या एका भेदामुळे. साध्या मनुष्यवधाला इथे मुदतीचं बंधन आहे, खुनाला नाही. पण जर्मन कायद्यात नुसत्या जाणूनबुजून मारण्याला खून म्हणत नाहीत, त्याला आणखी काहीतरी जोड लागते. बेसावध माणसाला दगा देऊन मारणं ही त्यातली एक. आधीच्या तपासात हा साधा मनुष्यवध धरला गेला होता, म्हणजे मुदत संपून प्रकरण बाद. पुढे सरकारी वकिलांनी मुद्दा फिरवला. हातात कागद देऊन ‘जा’ म्हटलेला माणूस बेसावध नसेल, तर कोण असेल? न्यायालयाला ते पटलं.

भारतातून पाहताना वाटतं, हुकूमशाही कोसळली, मग तिच्या चाकरांना शिक्षा करायला अडचण कसली? अडचण होती, आणि ती जर्मनीच्या स्वतःच्या घटनेतच होती. कलम १०३ सांगतं, की कृत्य घडलं तेव्हा कायद्याने ते गुन्हा ठरलेलं नसेल तर शिक्षा करता येत नाही. आपल्या संविधानाच्या कलम २०मध्येही हेच आहे. पूर्व जर्मनीच्या कायद्यात तर सीमा ओलांडणाऱ्यावर गोळी झाडायची मुभा होती. भिंतीच्या पायथ्याशी उभा असलेला विशीतला शिपाई म्हणाला, मी माझ्या देशाचा कायदा पाळला. त्याला काय उत्तर देणार?

उत्तर शोधायला कारण झाला मिखाएल श्मिट हा वीस वर्षांचा तरुण. १ डिसेंबर १९८४च्या पहाटे शिडी लावून तो भिंतीवर चढत होता. वरचा काठ हाताला लागत होता, तेवढ्यात दोन पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. पाठीला आणि गुडघ्याला लागलं. त्याला खाली ओढून आडोशाला नेलं आणि तिथेच पडू दिलं. पश्चिमेकडच्या कोणाला काही कळू नये, ही पहिली काळजी. दवाखान्यात पोचायला दोन तासांहून जास्त वेळ गेला आणि तो दगावला. वेळेत नेलं असतं तर वाचला असता.

३ नोव्हेंबर १९९२च्या निकालात जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने नेमकं याच तपशिलावर बोट ठेवलं. पूर्व जर्मनीच्या १९८२च्या सीमा कायद्यात लिहिलं होतं, की गोळी चालवताना शक्य तो माणसाचा जीव राखावा आणि जखमीला मदत करावी. शिवाय पूर्व जर्मनीने नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उठवली होती, आणि आपला देश सोडून जाण्याचा हक्क त्या करारात आहे. न्यायालयाचं म्हणणं असं, की तुमचाच कायदा माणुसकीने वाचला तर ही गोळी तेव्हाही गुन्हाच होती. सोबत विधिज्ञ गुस्टाव राडब्रुख यांच्या १९४६च्या विचाराचा आधार घेतला: कायदा न्यायापासून असह्य इतका दूर गेला, तर तो कायदा म्हणून पाळायचं कारण उरत नाही. हा विचार नाझी राजवटीच्या अनुभवातून आला होता.

मला यातला पहिला युक्तिवाद जास्त भावतो. राडब्रुख यांचं सूत्र जिंकणाऱ्याच्या हाती धारदार हत्यार ठरू शकतं. पूर्वेकडची वयस्क मंडळी या खटल्यांना आजही ‘जेत्यांचा न्याय’ म्हणतात, ते उगाच नाही. पण ‘तुम्हीच सही केली होती’ या बोलण्याला तोड नाही.

शिक्षा मात्र बेताच्या झाल्या. श्मिटवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांनाही दोन वर्षांच्या आतली, तीही स्थगित. भिंतीवर गोळीने मेलेला शेवटचा तरुण क्रिस ग्युफ्रॉय, फेब्रुवारी १९८९. त्याला अडवणाऱ्या चार शिपायांना प्रत्येकी १५० मार्क बक्षीस मिळालं होतं. १९९२ साली त्यातल्या एकाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलानंतर ती दोन वर्षं, स्थगित, एवढ्यावर आली. मृतांच्या घरच्यांना हे फार लागलं. पण तो शिपाई लहानपणापासून त्याच राजवटीत शिकवून तयार केलेला पोरगा होता. दोषी ठरवून घरी पाठवणं मला योग्य वाटतं.

हिशेब वरच्यांचा कडक झाला. संरक्षणमंत्री हाइन्झ केसलर यांना साडेसात वर्षं, त्यांचे सहकारी फ्रिट्झ श्ट्रेलेत्झ यांना साडेपाच, सत्ताधारी पक्षाचे शेवटचे सरचिटणीस एगॉन क्रेंझ यांना साडेसहा. तिघेही स्ट्रासबुर्गला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २२ मार्च २००१ रोजी एकमताने हरले. त्याच दिवशी एका साध्या शिपायाचीही याचिका फेटाळली गेली, पण तिथे तीन न्यायाधीश विरोधात गेले. वरच्या माणसाबद्दल कोणाला शंका नव्हती, खालच्याबद्दल होती. मला तरी हा निकालांतला सगळ्यात प्रामाणिक आकडा वाटतो.

सगळ्यांत वरचे, पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा एरिख होनेकर मात्र निसटले. नोव्हेंबर १९९२मध्ये खटला उभा राहिला तेव्हा त्यांना यकृताचा कर्करोग होता. जानेवारी १९९३मध्ये बर्लिनच्या घटना न्यायालयाने सांगितलं, की निकालापर्यंत जगणारच नाही अशा माणसावर खटला रेटणं त्याच्या मानवी प्रतिष्ठेला धरून नाही. होनेकर चिलीला गेले आणि मे १९९४मध्ये वारले. ज्या प्रतिष्ठेची त्यांच्या राजवटीने भिंतीपाशी पर्वा केली नाही, तिनेच त्यांना सोडवलं. शहर तेव्हा चिडलं होतं. निकाल मात्र बरोबर होता; तो द्यायची हिंमत नसती, तर शिपायांविरुद्धचे निकालही पोकळ ठरले असते.

मराठी वाचकाने यातली एक गोष्ट आपल्याकडे ताडून पाहावी. भारतीय दंड संहितेच्या कलम ७६मध्ये वरिष्ठांच्या हुकमाने जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचं उदाहरण होतं, ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १४मध्येही आहे. तो सैनिक निर्दोष ठरतो, पण एका अटीवर: हुकूम कायद्याच्या आज्ञेनुसार असला पाहिजे. नुसता वरून आलेला हुकूम आपल्याकडेही पुरत नाही.