थंडगार रात्र आणि तोकडी स्लीपिंग बॅग

उंच, रुंद खांद्यांच्या माणसाला डोंगरात झोप लागत नाही, तेव्हा तो आपल्या शरीराला बोल लावतो. खरे तर पुष्कळदा चूक असते ती अंथरुणाच्या मापात. पाठीवर वाहून नेण्याइतके हलके आणि तरीही अंगाला पुरेसे अंथरूण कसे निवडावे?

समजा, नागपूरच्या एका बँकेत एक अधिकारी आहेत. वय पंचेचाळीस, उंची सहा फूट एक इंच, वजन १०५ किलो आणि खांदे दाराच्या चौकटीत जेमतेम मावतील असे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या आग्रहाखातर ते ऑक्टोबरमध्ये उत्तराखंडातील हर की दूनच्या ट्रेकला जातात. दिवसा सारे ठीक चालते. चढ चढतात, नदीकाठी थांबून फोटो काढतात, मुलीच्या बरोबरीने मुक्कामावर पोहोचतात. पण रात्री तंबूत स्लीपिंग बॅगेत शिरल्यावर तिची चेन छातीपर्यंत येते आणि अडते. ओढूनताणून लावावी, तर हात हलत नाहीत, जीव गुदमरल्यासारखा होतो. उघडी ठेवावी, तर खांद्यावरून गार वारा आत शिरतो. शेजारी लेक गाढ झोपलेली आणि हे पहाटे तीन वाजता गुडघे पोटाशी घेऊन बसलेले!

घरी परतल्यावर मुलगी विचारते, "बाबा, पुढच्या वर्षी कुठे जायचं?"

"तू जा मैत्रिणींबरोबर," ते म्हणतात, "माझ्याच्यानं आता होत नाही."

असे म्हणणारे गृहस्थ अनेक घरांत सापडतील. त्यांचे पाय थकलेले नसतात, धापही लागलेली नसते. त्यांची फक्त झोप झालेली नसते. सदरा शिवताना आपण छातीचे, खांद्याचे, बाहीचे माप देतो. बूट घेताना दोन-चार जोड घालून बघतो. स्लीपिंग बॅग मात्र 'एकच माप सगळ्यांना' अशा समजुतीने घेतली जाते आणि तेथेच फसगत होते.

ऊब येते कुठून?

पूर्वी घरोघरी पिंजारी येत असे. रजईतला दबलेला, गोळे झालेला कापूस तो पिंजून देई. कापूस तोच, वजन तेच. पण पिंजल्यावर रजई फुगायची आणि एकदम उबदार वाटायची. कारण ऊब कापसात नसते, त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. स्लीपिंग बॅगेचेही तसेच आहे. तिच्यात बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे असोत, नाहीतर पॉलिस्टरचा कृत्रिम कापूस असो, भरण जेवढे फुगेल तेवढी हवा अडकेल आणि तेवढी ऊब मिळेल.

आता रुंद खांद्यांचा माणूस अरुंद बॅगेत शिरला की काय होते? त्याच्या खांद्यांनी आणि छातीने ते भरण आतून दाबले जाते. जिथे दाबले जाते तिथली हवा निघून जाते आणि नेमके तेथेच गार लागते. म्हणजे दुकानदाराने 'शून्य अंशापर्यंत चालेल' म्हणून दिलेली उत्तम बॅगदेखील त्याच्यापुरती निम्मी होते. दोष मालाचा नसतो, मापाचा असतो.

टेप घ्या आणि माप मोजा

खरेदीला जाण्यापूर्वी हे काम घरीच करावे. रात्री जे कपडे घालून झोपणार, म्हणजे स्वेटर किंवा लोकरी बनियन, ते अंगावर चढवावेत. हात शरीराला चिकटवून सरळ उभे राहावे आणि दुसऱ्या कुणाकडून खांद्यांच्या सर्वांत रुंद भागाभोवती, दोन्ही दंडांसह टेप फिरवून घ्यावी. समजा, हे माप १३६ सेंटिमीटर आले.

निमुळत्या आकाराच्या साधारण बॅगेचा खांद्याजवळचा घेर १५५ ते १६० सेंटिमीटर असतो. हा आकडा वाचून वाटेल की, जागा भरपूर आहे. पण काही कंपन्या बाहेरचा घेर सांगतात, काही आतला. बाहेरचा घेर १५७ असेल आणि भरणाची जाडी चार सेंटिमीटर असेल, तर आतल्या बाजूला सुमारे २५ सेंटिमीटर कमी होतात. (जाडीच्या सव्वासहा पट घेर घटतो, हा शाळेतल्या वर्तुळाचाच हिशेब आहे.) उरले १३२. म्हणजे १३६ च्या माणसाला ती बॅग आवळूनच बसणार!

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा, तो हा : "हा घेर आतला की बाहेरचा?" स्वतःच्या मापापेक्षा आतला घेर दहा-बारा सेंटिमीटरने जास्त असावा. वरच्या उदाहरणातील गृहस्थांना बाहेरून १७० च्या आसपास घेर असलेली 'वाइड' बॅग लागेल. फार सैल बॅगही बरी नाही, कारण आतली रिकामी जागा अंगाच्या उष्णतेनेच तापवावी लागते आणि पायांकडे गारठा राहतो.

लांबीचेही असेच. साधारण बॅग सहा फूट उंचीपर्यंतच्या माणसासाठी कापलेली असते. त्याहून उंच असणाऱ्यांनी 'लाँग' माप घ्यावे. पायाची बोटे टोकाला टेकून कापड ताणले गेले, तर तेथेही भरण दबते आणि पाय रात्रभर गार राहतात.

शक्य असेल तर बॅग विकत घेण्याआधी दुकानातच तिच्यात शिरून बघावे. संकोच करू नये. चेन लावावी, कुशीवर वळावे, गुडघे थोडे वर घ्यावेत, हात छातीवर आणता येतो का ते पाहावे. पाच मिनिटांचा हा अवघडलेपणा पुढच्या कित्येक रात्री वाचवतो.

तापमानाचा आकडा कुणासाठी?

बॅगेवर छापलेल्या तापमानाबाबतही गैरसमज आहेत. आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात : 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम'. यातला 'कम्फर्ट' हा आरामात झोपण्याचा आकडा साधारण ६० किलो वजनाची स्त्री गृहीत धरून काढतात, तर 'लिमिट' हा आकडा अंग आखडून कशीबशी रात्र काढणाऱ्या ७३ किलोच्या पुरुषासाठी असतो. शंभर किलोचा, रुंद बांध्याचा माणूस या हिशेबात कुठेच नाही. त्याने 'कम्फर्ट' आकडाच पाहावा. 'एक्स्ट्रीम' हा आकडा झोपेचा नव्हेच. त्या तापमानात शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरण्याची भीती असते.

आपल्याला किती थंडी लागेल, याचा ढोबळ अंदाज घरबसल्या करता येतो. दर हजार मीटर चढले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, हर की दून सुमारे ३,५०० मीटरवर. म्हणजे नागपुरात रात्री २० अंश असतील, तेव्हा तेथे पारा शून्याजवळ गेलेला असू शकतो. हिमालयातील मोकळ्या दरीत निरभ्र रात्री तो याहूनही खाली जातो. याउलट १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात हिवाळ्यात पातळ बॅग आणि आत एक चादर एवढ्यावर निभावते. दोन्हींसाठी एकच जाड बॅग पाठीवर वागवण्यात अर्थ नाही.

पाठीखालचे विसरू नका

वजनदार माणसाची खरी अडचण खालून येते. बॅगेचा पाठीखालचा भाग अंगाच्या भाराने पूर्ण चेपला जातो, तेथे ऊब उरतच नाही. जमिनीचा गारठा अडवायचा तो कॅरीमॅटने किंवा हवेच्या मॅटने. साधारण मॅट ५१ सेंटिमीटर रुंद असते. रुंद खांद्यांचा माणूस तिच्यावर पाठ टेकून झोपला की दोन्ही हात बाहेर, थेट थंड जमिनीवर पडतात. म्हणून ६४ सेंटिमीटर रुंदीची आणि पायांकडे निमुळती न होणारी, सरळ आयताकृती मॅट घ्यावी.

मॅटवर 'आर व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. जमिनीचा गारठा ती किती अडवते, याचे हे माप. सपाटीवरच्या उन्हाळ्यात दोन पुरतात, हिमालयातील शरद ऋतूत चारच्या आसपास हवेत आणि बर्फावर झोपायचे तर पाचांहून अधिक. सोयीची गोष्ट अशी की, दोन मॅट एकावर एक ठेवल्या, तर त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. दोनची फोम मॅट आणि तीनची हवेची मॅट मिळून पाच!

हवेची मॅट घेताना जाडीही पाहावी. पाच सेंटिमीटरची मॅट हलक्या माणसाला चालते. जड माणूस कुशीवर वळला की त्याचे कंबरेचे हाड जमिनीला टेकते. सात ते दहा सेंटिमीटरची मॅट त्याला सोसते. काटा लागून ती फुटली, तर रात्र वाया जाऊ नये म्हणून चिकटवायचे तुकडे बरोबर असावेतच.

रजईचा मार्ग

पाठीखालचे भरण चेपून निकामीच होणार असेल, तर ते वाहायचे तरी कशाला? या विचारातूनच ट्रेकिंगची रजई आली. तिला 'क्विल्ट' म्हणतात. पाठीकडून ती उघडी असते. पायांजवळ थैलीसारखी बंद आणि वर आपल्या घरच्या रजईसारखी मोकळी. पट्ट्यांनी ती मॅटला अडकवतात. चेन नाही, टोपी नाही, त्यामुळे वजन कमी आणि खांद्यांना मोकळीक. अंग भरदार असणाऱ्यांना ती विशेष मानवते.

मात्र तीही रुंद मापाचीच घ्यावी. अरुंद रजई कुशीवर वळताच एका बाजूने उचलली जाते आणि वारा आत येतो. डोक्याला कानटोपी वेगळी लागते. कडाक्याच्या थंडीत, वाऱ्यावादळात पूर्ण बंद होणारी बॅगच बरी.

भरण कोणते निवडावे, तेही ठिकाणावर अवलंबून आहे. पिसे हलकी असतात, चेपून लहान होतात, पण भिजली की गोळा होऊन थंडगार पडतात. सह्याद्रीतील दव आणि कोकणातील दमट हवा पाहता, तेथे कृत्रिम भरण थोडे जड असले तरी भरवशाचे. हिमालयातील कोरड्या थंडीत पिसे उत्तम.

थोडे जास्त वजन, पण कुठे?

रुंद बॅग आणि रुंद मॅट घेतली, तर ओझे साधारण अडीचशे-तीनशे ग्रॅमने वाढते. हलके सामान घेण्याच्या नादात अनेक जण नेमके येथेच हात आखडतात. पण तीनशे ग्रॅम म्हणजे पेलाभर पाणी! तेवढे वजन दुसरीकडे सहज वाचते. एक जादा जीन्स, दुसरे बूट, स्टीलचा जड डबा घरी ठेवला की झाले. उशी नेण्याचीही गरज नाही. बॅगेच्या खोळीत कपडे भरले की उशी तयार.

घरच्या घरी करण्यासारखेही काही आहे. जुन्या मऊ रेशमी साडीची आपल्या मापाची पिशवी शिवली, तर ती बॅगेच्या आत घालायला अस्तर म्हणून उपयोगी पडते. थोडी ऊब वाढते आणि बॅग मळत नाही. कृत्रिम भरणाची जुनी बॅग छातीवर अडत असेल, तर ओळखीच्या शिंप्याकडून तिच्या चेनला जुळणाऱ्या दोन चेनी लावलेली कळी शिवून घेता येते. कुर्त्याला कळी घातल्यावर घेर वाढतो, तसाच बॅगेचा घेरही वाढतो. कळीतही भरण घालायला मात्र विसरू नये.

पती-पत्नी मिळून जाणार असतील, तर डावी आणि उजवी चेन असलेल्या, एकाच प्रकारच्या दोन आयताकृती बॅगा जोडून मोठे अंथरूण करता येते. सहल संस्थेकडून बॅग मिळणार असेल, तर नाव नोंदवतानाच आपली उंची आणि खांद्यांचा घेर कळवावा. पायथ्याच्या मुक्कामावर दिवसाउजेडी बॅगेत शिरून पाहावे. बदलून मागायची वेळ तीच. अंधार पडल्यावर वरच्या मुक्कामी काही करता येत नाही.

तंबूचाही विचार हवा. अंगाने मोठा माणूस अरुंद तंबूत झोपला की बॅग तंबूच्या भिंतीला टेकते. रात्री तेथे श्वासातली वाफ जमून पाणी झालेले असते आणि त्याने बॅग ओली होते. झोपेत खूप घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडणाऱ्या भारदस्त व्यक्तींनी उंचावर जाण्याआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. तेथे झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेऊन झोप आणण्याचा प्रयत्न करू नये.

घरी आल्यावर बॅग वाळवून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी. वर्षभर आवळून ठेवलेली बॅग पुढच्या वर्षी फुगत नाही.

आता पुन्हा नागपूरच्या त्या घरात डोकावू. मुलगी खट्टू होऊन बसली आहे. आई कपाटातून टेप काढते आणि म्हणते, "अहो, उभे राहा बघू. सदऱ्याचं माप दर वेळी देता, मग या पिशवीचं का नाही दिलंत?" टेप खांद्यांभोवती फिरते आणि आकडा कागदावर उतरतो. ट्रेकला जायचे की नाही, हे बाबांनी त्यानंतर ठरवावे. निदान नकार द्यायचा झाला, तर तो एका अरुंद पिशवीमुळे दिला जाऊ नये.