सौर बंब

आपल्या भाषेत ‘ऊन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सूर्याच्या प्रकाशास आपण ऊन म्हणतो आणि तापलेल्या पाण्यासही ‘ऊन पाणी’ असेच म्हणतो. अंगणात ठेवलेला पाण्याचा हंडा दुपारपर्यंत चांगला तापतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. तथापि पहाटेच्या स्नानास ते पाणी उपयोगी पडत नसे. कारण रात्रीच्या गारठ्यात ते पुन्हा थंड होऊन जाई. म्हणून घरोघर तांब्याचा बंब असे. त्यात लाकडाच्या ढलप्या किंवा कोळसे घालून पाणी तापवीत. पुढे शहरांत विजेचे बंब आले. धूर गेला, लाकडे फोडण्याचे श्रम वाचले. परंतु दरमहा विजेचे बिल येऊ लागले.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात गच्च्यांवर नजर टाकली, तर ठिकठिकाणी एक निराळेच यंत्र दिसते. काळ्या नळ्यांची एक उतरती रांग किंवा काच बसविलेली एक उतरती पेटी आणि तिच्या माथ्यावर एक आडवी टाकी, असे त्याचे रूप असते. हाच सौर बंब होय. त्याला लाकूड लागत नाही, कोळसा लागत नाही आणि ऊन असेल तोपर्यंत वीजही लागत नाही. मग तो प्रत्येक घराने का बसवू नये? ऊन तर फुकट आहे!

मुलांनो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. याच शहरातील जुनी पाणचक्की तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर आणून उंचावरून खाली सोडले होते आणि त्याच्या जोराने जाते फिरून धान्य दळले जात असे. झऱ्याच्या पाण्यास मोल पडत नव्हते. पण नळ पुरण्यास, उंच भिंत बांधण्यास आणि जाते बसविण्यास द्रव्य आणि श्रम लागले होतेच. निसर्गाची शक्ती फुकट असते; तिला कामास जुंपणारे साधन फुकट नसते. सौर बंबाचेही तसेच आहे. म्हणून प्रथम तो कसा चालतो हे पाहू आणि नंतर त्याचा हिशेब मांडू.

उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या काचा बंद असल्या, म्हणजे आत किती उकडते, याचा अनुभव तुम्हांला असेल. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो. परंतु आतल्या वस्तू तापल्यावर त्यांच्यातून निघणारी उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. जिनीव्हा येथील द सोश्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७६७ साली काचेची झाकणे असलेली पेटी उन्हात ठेवून आतील उष्णता मोजली, तेव्हा पेटी आश्चर्य वाटावे इतकी तापलेली आढळली. पुढे १८९१ साली अमेरिकेतील क्लॅरेन्स केम्प याने अशाच पेटीत पाण्याच्या टाक्या ठेवून सौर बंब तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले. त्या बंबात पाणी दिवसा तापे. पण आपल्या अंगणातील हंड्याप्रमाणे रात्री थंड होई. ही उणीव विल्यम बेली याने १९०९ साली दूर केली. त्याने पाणी तापविण्याची पेटी वेगळी केली आणि तापलेले पाणी साठविण्याची टाकी वेगळी करून तिला उष्णता रोखणारे जाड वेष्टण घातले. आजचे सौर बंब याच युक्तीवर चालतात.

काच बसविलेल्या पेटीत काळ्या रंगाचा धातूचा पत्रा व त्यास जोडलेल्या तांब्याच्या नळ्या असतात. काळा रंग ऊन अधिक शोषून घेतो, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. नळ्यांतील पाणी तापले, की ते हलके होऊन वर चढते आणि टाकीत जाते. टाकीतील जड, थंड पाणी खाली उतरून त्याची जागा घेते. हे अभिसरण ऊन असेपर्यंत आपोआप चालू राहते. त्यास पंप लागत नाही. मात्र टाकी पेटीपेक्षा उंचावर हवी.

दुसऱ्या प्रकारच्या बंबात काचेच्या दुहेरी नळ्या असतात. त्या दोन काचांमधील हवा काढून टाकलेली असते. चहा गरम ठेवण्याच्या काचेच्या थर्मासमध्येही हीच योजना असते. निर्वात जागेतून उष्णता सहज निसटू शकत नाही, म्हणून थंडीतही आतील पाणी चांगले तापते.

सौर बंबाचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात, यालाही कारण आहे. संभाजीनगर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीसुद्धा तेथे सूर्य दक्षिणेकडे कललेला असून क्षितिजापासून अवघा ४७ अंश वर असतो. ऊन पाण्याची गरज त्याच दिवसांत अधिक. म्हणून बंब दक्षिणेकडे उतरता ठेवला म्हणजे त्यावर ऊन अधिक सरळ पडते.

आता हिशेबाकडे वळू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवावयाचे, तर १०० गुणिले ३५, म्हणजे ३,५०० किलोकॅलरी उष्णता लागेल. एक युनिट विजेपासून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. म्हणजे हे पाणी विजेवर तापविण्यास रोज सुमारे ४ युनिटे खर्च होतील. मराठवाड्यात एक चौरस मीटर जागेवर दिवसाकाठी सरासरी ५ युनिटांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. दोन चौरस मीटरांच्या बंबावर १० युनिटे पडली आणि त्यांतील निम्मी जरी पाण्यात उतरली, तरी आपले काम भागते.

समजा, असा बंब बसविण्यास २५,००० रुपये लागले आणि विजेचा दर युनिटास ८ रुपये आहे. एका घरात सहा माणसे आहेत. ६० अंशांच्या १०० लिटर पाण्यात विसण घातले, म्हणजे प्रत्येकास स्नानासाठी दोन बादल्या मिळतात. कडक उन्हाळ्याचे आणि ढगाळ पावसाळ्याचे दिवस वगळून त्यांनी वर्षातून २०० दिवस सौर बंब वापरला, तर ८०० युनिटे, म्हणजे ६,४०० रुपये वाचले. सुमारे चार वर्षांत बंबाची किंमत वसूल झाली. नीट निगा राखल्यास असा बंब पंधरा वर्षांच्या आसपास टिकतो. म्हणजे पुढची वर्षे निव्वळ लाभाची.

शेजारच्या घरात तीनच माणसे आहेत आणि त्यांना ऊन पाणी थंडीचे १०० दिवसच लागते. त्यांचे काम रोज २ युनिटांत भागते. त्यांची बचत वर्षास २०० युनिटे, म्हणजे १,६०० रुपये. बंबाची किंमत भरून येण्यास त्यांना पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोपर्यंत बंबच जुना होईल! ऊन तेच, बंब तोच. पण एका घरास तो फायद्याचा आणि दुसऱ्यास तोट्याचा.

शिवाय काही गोष्टी कागदावरच्या हिशेबात सहसा येत नाहीत. जुन्या तांब्याच्या काही बंबांत वरून तांब्याभर गार पाणी ओतावे, तेव्हा तोटीतून तेवढे ऊन पाणी बाहेर येई. सौर बंबातही गार पाणी आत आले, तरच ऊन पाणी बाहेर पडते. ज्या वस्तीत नळास रोज पाणी येत नाही, तेथे गच्चीवरील गार पाण्याची टाकी पुरेशी मोठी हवी. बोअरचे पाणी जड असेल, तर त्यातील क्षारांचा पांढरा थर नळ्यांत साचतो आणि वाट अरुंद होते; तो वेळोवेळी काढावा लागतो. काचेवर धूळ बसली, की ऊन आत कमी जाते. ती पुसावी लागते.

आणखी एक बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बंब गच्चीवर आणि न्हाणीघर तळमजल्यावर असले, तर मधल्या नळातील गार पाणी आधी बाहेर येते. दोन सेंटीमीटर व्यासाच्या १५ मीटर लांब नळात जवळजवळ पावणेपाच लिटर पाणी असते. अनेकदा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यात ते मोरीत सोडून देणे योग्य नव्हे. ते बादलीत धरून विसणास घ्यावे.

सौर ऊर्जेपासून वीज करणारी पॅनेलेही आता गच्च्यांवर दिसतात. केंद्र सरकारने २०२४ साली त्यांच्यासाठी अनुदानाची योजना सुरू केली. ती विजेच्या पॅनेलांसाठी आहे, बंबांसाठी नाही. पॅनेलावर पडलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरतो. म्हणून केवळ पाणी तापवावयाचे असेल, तर थोड्या जागेत सौर बंबच अधिक काम देतो. उलटपक्षी, पॅनेलाची वीज दिव्यांस व पंख्यांसही चालते आणि ती बाराही महिने उपयोगी पडते. आपली गरज कोणती, हे ज्याने त्याने पाहावे.

वाचलेले प्रत्येक युनिट केवळ एका घराचा पैसा वाचविते असे नव्हे. आपल्या राज्यातील बरीचशी वीज कोळसा जाळून तयार होते आणि त्या कामी पाणीही पुष्कळ लागते. मराठवाड्यातीलच परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. तेव्हा ज्या घरास सौर बंब परवडतो, त्याने तो बसविला, तर त्याचा लाभ गावासही पोचतो.

सारांश, सौर बंब चांगला की वाईट, असा प्रश्नच नव्हे. घरात माणसे किती, ऊन पाणी लागते किती दिवस, गच्चीवर ऊन पडते किती वेळ आणि टाकीत पाणी असते की नाही, हे आधी विचारावे. जो हे प्रश्न विचारून मग खर्च करतो, त्यास फुकटच्या उन्हाचे खरे मोल कळले, असे म्हणावे.

अभ्यास

१. सौर बंबाची टाकी उष्णता शोषणाऱ्या पेटीपेक्षा उंचावर का ठेवतात?

२. केम्पच्या बंबातील कोणती उणीव बेलीने दूर केली? कशी?

३. ‘ऊन तेच, बंब तोच’. तरी दोन घरांच्या हिशेबात फरक का पडला?

४. तुमच्या घरी स्नानासाठी वर्षातून किती दिवस पाणी तापवितात आणि रोज किती बादल्या लागतात, हे वडील माणसांस विचारा. त्यावरून सौर बंबाची किंमत किती वर्षांत वसूल होईल, याचा हिशेब मांडा.

५. ‘ऊन’ या शब्दाचे दोन्ही अर्थ स्पष्ट होतील अशी दोन वाक्ये लिहा.